सांधा दिसू द्या

फरशी घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला आजकाल दुकानात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘जॉइंट दिसणारच नाही’. अकोल्यात, अमरावतीत, अगदी तालुक्याच्या गावीसुद्धा जुने घर नव्याने करायला काढले की पहिली चर्चा फरशीची होते आणि ती फार लवकर दोन बाय चारच्या चकचकीत टाइलवर येऊन थांबते. मोरबीहून आलेली, अंगावर संगमरवराच्या शिरा छापलेली, एकीला एक भिडवली की सगळी खोली एकाच दगडाची वाटावी अशी ही टाइल. ‘पेपर जॉइंट’ने बसवून देतो, म्हणजे दोन टाइलींमध्ये कागदाच्या जाडीएवढीच फट ठेवतो, असे मिस्त्रीही अभिमानाने सांगतो. सांधा हा दोष, तो जितका लपेल तितके काम उंची, ही समजूत आता इतकी रुळली आहे की तिला कोणी प्रश्न विचारत नाही. मला ती मुळातच चुकीची वाटते. फरशीची नक्षी सांध्यांनी घडते. आणि वऱ्हाडच्या उन्हात, काळ्या मातीवर, खाऱ्या पाण्यात टिकेल अशी फरशी हवी असेल तर टाइलच्या रंगाआधी सांध्याचा विचार करायला हवा. त्याची रुंदी किती, दिशा कोणती, रंग कोणता, तो कुठून निघून कुठे संपतो, एवढे ठरले की टाइल निवडणे हे सोपे काम उरते.

आधी उन्हाचे पाहू. मे २०२४ च्या अखेरीस अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेला आणि उष्णतेपायी जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लावले. देशभर त्याची बातमी झाली. अकोलेकरांना पंचेचाळीस अंश नवे नव्हते. इथली उघडी गच्ची हिवाळ्यातल्या पहाटे दहा अंशांपर्यंत उतरते आणि मेच्या दुपारी साठाच्या आसपास जाते, म्हणजे वर्षाकाठी पन्नास अंशांचा फरक. काँक्रीट दर अंशाला, दर मीटरमागे, साधारण एक शतांश मिलिमीटर वाढते. दहा मीटर लांबीचा स्लॅब या हिशेबाने पाच मिलिमीटर लांबतो आणि तेवढाच आकसतो. भाजलेली टाइल त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश हलते. म्हणजे थंडीत स्लॅब जितका आकसतो तितकी वरची टाइल आकसत नाही. शिवाय नव्या काँक्रीटमधले आणि मसाल्यातले पाणी उडत जाते तसे तेही महिनोन्महिने आकसत राहतात. भट्टीतून निघालेल्या टाइलीचे आकसणे केव्हाच संपलेले असते. त्यात दुपारचे ऊन टाइलीला आधी तापवते, खालच्या थराला उशिराने. तिन्ही कारणांनी टाइला एकमेकींवर दाबल्या जातात. मध्ये तीनेक मिलिमीटरची फट असेल, भिंतीलगत थोडी जागा सोडली असेल, तर हा दाब तिथे जिरतो. फट नसेल तर एखाद्या दिवशी घरात मोठा आवाज होतो आणि दोन टाइला काठाला काठ टेकून वर उचलल्या गेलेल्या दिसतात. मग दोष कंपनीला दिला जातो, सिमेंटला दिला जातो, मिस्त्रीच्या हाताला दिला जातो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीला ती नीट धरत नाही हे खरेच आहे, आणि तिच्यासाठी चिकटवण्याचे केमिकल वापरावे हेही खरे. पण उत्तम केमिकलने बसवलेल्या टाइलीलाही हलायला जागा लागतेच.

याच तापलेल्या गच्चीवर वर्षानुवर्षे टिकते काय, तर चिनी मोझॅक: पांढऱ्या टाइलींचे वेडेवाकडे तुकडे सिमेंटमध्ये बसवून केलेली फरशी. तिच्यात वीतभर अंतरही सांध्याशिवाय जात नाही. पांढरा रंग ऊन परतवतो हा तिचा एक गुण. दुसरा, कमी बोलला जाणारा गुण असा की प्रत्येक तुकड्याला आपापल्या जागी किंचित हलता येते आणि म्हणून सगळी गच्ची मिळून फुटत नाही. पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या सुमारास अहमदाबादेत ‘संगाथ’ हे आपले कार्यालय बांधले, तेव्हा त्याच्या कमानदार छपरांवर हीच तुकड्यांची फरशी चढवली. बार्सिलोनात वास्तुरचनाकार गौदीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पार्क ग्वेलमधल्या लांबलचक बाकावर तुकड्यांचेच काम केले. वळणावर सपाट टाइल बसत नाही, तुकडे बसतात. दोन्ही ठिकाणी आज लोक मुद्दाम पाहायला जातात ते त्या सांध्यांच्या जाळ्यासाठीच.

उन्हाहून मोठा प्रश्न जमिनीचा. ज्या काळ्या मातीने अकोल्याला कापसाची बाजारपेठ केली, तीच माती घराखाली असली की घर सुखाने बसू देत नाही. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की शेतातल्या भेगांत हात जावा. पाया खोल नेऊन भिंती सांभाळता येतात. फरशी मात्र जोत्यातल्या भरावावर उभी असते. तो भराव मुरमाचा, थराथराने पाणी मारून चोपलेला असायला हवा. पायाच्या खोदकामातून निघालेली काळी मातीच जोत्यात परत लोटली असेल, तर दोन-चार पावसाळ्यांत भिंतीलगतची फरशी ‘बसते’. अशा जमिनीवर दोन बाय चारची टाइल म्हणजे पोकळीवर टाकलेली लांब फळी. एका टोकाखालचा भराव खाली गेला की ती मधून तडकते, आणि ती तडक छापील शिरांमध्ये लपत नाही. एक फुटी टाइल त्याच जागी किंचित कलते, तिच्या कडेचा ग्राउट भेगाळतो आणि नेमकी तेवढी टाइल काढून खालचा भराव नीट करता येतो. आपल्या जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत अजून दिसणारा सिमेंटचा कोबा निरखून पाहा: चार-चार फुटांवर काचेच्या बारीक पट्ट्या उभ्या रोवलेल्या दिसतील. सिमेंट आकसणार आणि भेग पडणार हे गृहीत धरून, ती कुठे पडावी हे त्या पट्टीने आधीच ठरवून दिलेले असते. शहाबादी फरशीच्या सिमेंटने भरलेल्या दरजाही तेच काम करत. खालची जमीन हलणार हे मान्य करून केलेले ते काम होते, म्हणून ते पन्नास-पन्नास वर्षे पायाखाली राहिले.

तिसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत जमिनीतले पाणी तोंडात धरवत नाही. पण बांधकामाला मात्र बोअरचे पाणी बिनदिक्कत वापरले जाते, कारण पिण्याचे पाणी सिमेंटमध्ये घालणे जिवावर येते. भारतीय मानक ४५६ मध्ये काँक्रीटच्या पाण्याला मर्यादा घालून दिल्या आहेत: सळई असलेल्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्लोराइड, सळई नसलेल्यासाठी २०००. फरशीखालच्या मसाल्यात सळई नसते, म्हणून तिकडे कोणी पाहत नाही. पण मीठ कुठे जाणार? ओलीबरोबर वर येते, पाणी उडून गेले की मागे राहते आणि पांढरी भुकटी होऊन बसते. आपण म्हणतो लोणा लागला. जी टाइल पाणी पीत नाही तिच्यातून ओल वर येऊ शकत नाही. तिला वाट उरते ती सांध्याची. सांधा नाहीसा केला किंवा तळमजल्याच्या खोल्यांत सरसकट इपॉक्सीने बंद केला, तर ओल बाजूला सरकत भिंतीच्या पायथ्याशी जाते आणि स्कर्टिंगच्या वरचा गिलावा सुटू लागतो. मग त्यावर महागडा रंग लावला जातो, पुढच्या वर्षी तोही पापुद्र्यांनी गळतो. तळमजल्यावर सिमेंटचाच ग्राउट भरावा, थोडा रुंद सांधा ठेवावा आणि इपॉक्सी ओट्यामागच्या भिंतीला नि न्हाणीला राखून ठेवावे, असे माझे मत आहे. रंगही पाण्याकडे पाहूनच ठरवावा. बोअरच्या पाण्याचे शिंतोडे काळ्या चकचकीत टाइलीवर रोज पांढरे ठिपके काढतात आणि घरातल्या बाईचे पुसणे संपत नाही. फिकट राखाडी किंवा मातकट मॅट टाइल तेच पाणी निमूटपणे सोसते.

हे सगळे टिकाऊपणाचे झाले. कोणी म्हणेल, नक्षीचा याच्याशी संबंध काय? संबंध मापाचा आहे, आणि तो एक खोली मापून दाखवता येतो. नकाशात दहा फूट रुंद लिहिलेली खोली गिलाव्यानंतर खरोखरच दहा फूट भरली असे धरू. म्हणजे ३०४८ मिलिमीटर. दुकानात जिला ‘दोन फुटी’ म्हणतात ती टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते, दोन फुटांपेक्षा जवळपास दहा मिलिमीटरने आखूड. दारापासून पाच अखंड टाइला लावत गेले, प्रत्येकीनंतर दोन मिलिमीटर सोडले, तर ३०१० होतात. समोरच्या भिंतीशी उरते ३८ मिलिमीटरची, दीड इंचाची पट्टी. ती कापताना दोन-चार टाइला फुटतात, ती सरळ येत नाही, आणि खोलीत पाऊल टाकणाऱ्याची नजर नेमकी तिच्यावर जाते. जाणता कारागीर असे करत नाही. तो आधी खोलीचा मध्य काढतो, दोरी मारतो, मधोमध चार अखंड टाइला धरतो आणि दोन्ही भिंतींशी ३१९ मिलिमीटरचे सारखे तुकडे येऊ देतो. दिसायला हे नीटनेटके आहे. पण ३१९ चे दोन तुकडे एका ६०० मधून निघत नाहीत, म्हणून प्रत्येक ओळीला एक टाइल जादा लागते. आता तीच खोली एक फुटी, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या टाइलीने भरा. दहा टाइला, नऊ सांधे, प्रत्येक सांधा चार मिलिमीटरचा: ३०३६. उरलेले बारा मिलिमीटर दोन्हीकडे सहा-सहा वाटून दिले की भिंतीलगत हवी असलेली हलण्याची फट तयार होते आणि स्कर्टिंग तिला झाकून टाकते. एकही टाइल कापावी लागली नाही. दोन फुटी टाइलीला हे जमवायचे तर चारच सांधे हाताशी, आणि प्रत्येक नऊ मिलिमीटरचा करावा लागेल. खोली आणि टाइल यांच्यातला फरक सांध्यांत वाटून टाकता येतो, हा सांध्याचा खरा उपकार. सांधे जितके जास्त तितका तो फरक नजरेआड होतो. प्रत्येक खोली इतकी नेमकी जुळणार नाही, हे उघड आहे. पण दोन-तीन मापे कागदावर मांडून पाहिली तर जुळणारे एखादे बहुधा सापडतेच.

जुन्या भिंती काटकोनात नसतात, ही तर नूतनीकरणातली रोजची अडचण. गुण्या लावून, किंवा कोपऱ्यातून तीन, चार आणि पाच फुटांचा त्रिकोण मापून पाहिले की दहा फुटांत इंचभर फरक सहज निघतो. अशा खोलीत सरळ चौकटीची मांडणी केली तर भिंतीकडची ओळ एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत जाते. यावर जुन्यांनी काढलेला उपाय फार सुंदर होता: बॉर्डर. मुंबईत १९२२ मध्ये भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी सिधवा कुटुंबाने सुरू केली, ती परदेशी टाइलींना स्वदेशी पर्याय द्यावा म्हणून. साच्यात पितळी खण बसवून त्यांत वेगवेगळ्या रंगांचे सिमेंट हाताने ओतायचे, वर दाब द्यायचा आणि भट्टीत न घालता पाण्यात मुरवायचे, अशी ही टाइल. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत अजून दिसणाऱ्या त्या फरश्यांत मध्ये फुलांची किंवा चौकडीची नक्षी, तिच्याभोवती वेलबुट्टीची बॉर्डर आणि बॉर्डरच्या बाहेर भिंतीपर्यंत एका रंगाची साधी पट्टी असते. पाहणाऱ्याला बॉर्डर शोभेची वाटते. पण भिंतीचा सगळा वाकडेपणा त्या बाहेरच्या साध्या पट्टीत सोडून दिलेला असतो. तिथे एक टाइल तिरकी कापली तरी कोणाला कळत नाही, आणि आतली नक्षी मात्र चारही बाजूंनी अखंड राहते. आज नव्या फरशीत बॉर्डर जुनाट म्हणून वगळली जाते. वाकड्या भिंतींच्या घरात तिला परत आणावे, असे मी आग्रहाने म्हणेन. तिरकी, कर्णावर फिरवलेली मांडणीही वाकडेपणा लपवते. फक्त तिला टाइल शेकडा पंधरापर्यंत जादा धरावी लागते. विटांसारखी मांडणी हवी असेल आणि टाइल लांबट असेल तर सांधा निम्म्यावर न धरता तिसऱ्या हिश्श्यावर धरावा, कारण लांब टाइल भट्टीत मधोमध थोडी उचलते आणि निम्म्यावर धरले की एकीचा उंचवटा शेजारणीच्या खाली गेलेल्या टोकाशी येऊन पायाला ठेच लागते.

नक्षी टाइलीच्या अंगावर असते की तिच्या काठात, हा प्रश्न गणितानेही सोडवला आहे. नियमित बहुकोनांपैकी एकट्याने सगळी जमीन फट न ठेवता भरून काढणारे तीनच: त्रिकोण, चौकोन आणि षटकोन. सपाट पृष्ठभागावर पुन्हापुन्हा येणाऱ्या नक्षीचे मूळ प्रकार सतराच आहेत, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फ्योदोरोव यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. आणि २०२२ च्या शेवटी इंग्लंडमधल्या डेव्हिड स्मिथ या हौशी गृहस्थांना तेरा बाजूंचा एक असा आकार सापडला की त्या एकाच आकाराने कितीही मोठी जमीन भरली तरी नक्षी ठरावीक अंतराने तशीच परत येत नाही. गणितज्ञांसह लिहिलेला त्यांचा निबंध पुढच्या वर्षी बाहेर आला. त्या टाइलीवर काहीही छापलेले नाही. जे काही आहे ते काठांच्या वळणांत आहे. आपल्याकडे दारापुढची ठिपक्यांची रांगोळी हेच सांगत आली. सरळ ठिपके आणि मधले ठिपके यांतला फरक म्हणजे चौकटीची मांडणी आणि विटांची मांडणी यांतलाच फरक. पंधरा ते आठ मधल्या ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई ठिपके आधी मांडते, रेषा मग जोडते आणि रंग सर्वांत शेवटी भरते. फरशी निवडताना आपण रंगापासून सुरुवात करतो आणि ठिपक्यांचा विचार मिस्त्रीवर सोडतो.

छापील संगमरवराने हा क्रम उलटा केला. मोरबीचे कारखाने आज शाईच्या फवाऱ्याने कुठल्याही दगडाचे चित्र टाइलीवर उमटवतात, आणि त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ही चांगलीच गोष्ट झाली. पण दगडाचे चित्र अंगावर घेतलेल्या टाइलीला आपण टाइल आहोत हे लपवावे लागते, म्हणून तिला सांधा नकोसा होतो. शिवाय एका डिझाइनची चित्रे मोजकी, बहुधा चार-सहा. मिस्त्रीने पेटीतून निघेल तशी टाइल लावली की तीच शीर, तेच वळण खोलीत तीन ठिकाणी दिसते. एकदा ते दिसले की डोळ्यांना दुसरे काही दिसत नाही. एका रंगाची किंवा साध्या पोताची टाइल असे कुठलेच सोंग घेत नाही; तिला सांध्याची रेष शोभते, कारण तिची नक्षी त्या रेषेनेच पुरी होते.

यावर सर्वांत भारदस्त आक्षेप आपल्याच घरातून येतो. आजीच्या घरातली सारवलेली जमीन बिनसांध्याचीच होती की. सांध्याशिवाय जमीन टिकत नाही असे कसे म्हणता? ती टिकत नव्हती, ती पुन्हापुन्हा केली जात होती. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर धाबे आणि खाली चोपलेली जमीन, अशा वऱ्हाडी घरात दर आठवड्याला, सणासुदीला तर मधेच, शेणाचा नवा थर चढे. भेग पडली की त्या सारवणात बुजे. अखंड जमिनीची किंमत बायकांच्या गुडघ्यांनी आणि मनगटांनी चुकती होत असे. भाजलेल्या टाइलीला असा नवा थर देता येत नाही, म्हणून तिची दुरुस्ती आधीच, सांध्याच्या रूपाने, तिच्यात ठेवून द्यावी लागते.

दुसरा आक्षेप गृहिणींचा, आणि तो मी हलका मानत नाही: सांध्यात घाण बसते. बसते, कारण आपण पांढरा ग्राउट भरतो. अकोल्याच्या घरात जी धूळ येते ती करड्या-तपकिरी रंगाची. सांधाही त्याच छटेचा असेल, टाइलीच्या पातळीपर्यंत नीट भरलेला असेल, खोलगट राहिला नसेल, तर झाडूला काही वेगळे करावे लागत नाही. पेपर जॉइंटची अडचण याहून वाईट आहे. इतक्या अरुंद फटीत ग्राउट आत उतरतच नाही, वरवर पुसला जातो, वर्षभरात निघून जातो आणि मग त्या काळ्या रेघेत सुई घालूनही मळ निघत नाही. मोठ्या टाइलीने खोली मोठी दिसते, हा तिसरा आक्षेप. मोठ्या दिवाणखान्यात तो खरा आहे आणि तिथे वरच्या मजल्यावर, पक्क्या स्लॅबवर, तीन मिलिमीटरचा सांधा ठेवून दोन बाय चार जरूर लावावी. पण दहा बाय दहाच्या खोलीत तिच्या लांबीला दोन अखंड आणि एक अर्धी बसते, वरून पलंग आणि कपाट येते. उरलेल्या जागेत दिसतात ते तुकडेच. खोली लांब दिसायला हवी असेल तर दारापासून खिडकीकडे जाणारी सांध्याची रेष ते काम अधिक चांगले करते. मजुरी वाढते, हे मात्र खरे आहे आणि त्याला उत्तर नाही. लहान टाइल लावायला वेळ जास्त लागतो, चौरस फुटाचा दर जास्त पडतो. तो एकदाच पडतो, एवढेच म्हणता येईल.

न्हाणीत तर वादाला जागाच नाही. पाणी जाळीकडे जायला दर मीटरला सेंटिमीटरभर उतार हवा, आणि तो चारही बाजूंनी हवा. मोठी सपाट टाइल चार दिशांना वाकत नाही. ती कर्णावर कापावी लागते किंवा पाणी कोपऱ्यात साचते. लहान टाइला सांध्यांशी वळत उतार धरतात, आणि ओल्या पायाला त्या सांध्यांचीच पकड मिळते. घसरण्याची कसोटी म्हणून पेटीवर आर-९, आर-१०, आर-११ असे आकडे असतात. तेल लावलेल्या उतरणीवर माणूस चालवून ते काढले जातात. घरात म्हातारे माणूस असेल तर न्हाणीत आर-११ च्या खाली जाऊ नये. बाकी सगळ्या हौशी त्यानंतर.

उंबरठ्याचेही असेच. हल्ली सगळ्या घरभर एकच टाइल एका रेषेत न्यायची पद्धत आहे. तिचा परिणाम असा की बैठकीतली अर्ध्या सेंटिमीटरची चूक माजघरातून स्वयंपाकघरापर्यंत वाढत जाते, आणि एका खोलीची हालचाल दुसऱ्या खोलीला ताणते. दाराखाली कडाप्प्याची किंवा ग्रॅनाइटची एक पट्टी, फरशीच्या पातळीत, कोणाला ठेच लागू नये अशी, टाकली की प्रत्येक खोली आपल्या मध्यापासून सुरू होऊन आपल्यापुरती संपते. चैत्रात, दिवाळीत जिच्यावर हळद-कुंकू वाहायचे ती जागाही घराला परत मिळते.

वऱ्हाडात या वर्षी कोणी घराचे काम काढणार असेल तर त्यांना एवढेच सांगणे आहे. दुकानात पाय ठेवण्याआधी प्रत्येक खोली गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा आणि कोपरे तपासा. जुन्या फरशीवर नवी चढवण्याचा बेत असेल तर आधी नाण्याने सगळीकडे टकटक करा. जिथे पोकळ वाजेल, जिथे ती बसलेली असेल, तिथे उखडून मुरूम भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. काम शक्यतो मे महिन्यात काढू नका, काढावेच लागले तर तराईत कसूर करू नका आणि मसाल्याला बोअरचे खारे पाणी घालू देऊ नका. त्याच लॉटची एक पेटी जादा घेऊन ठेवा, कारण पुढच्या लॉटची छटा जुळत नाही आणि डिझाइन कधी बंद होईल याचा नेम नसतो. आणि पहिली टाइल लागण्याआधी, तोंडी न विचारता, मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या की मध्यरेषा कुठे धरणार आहे आणि स्पेसर किती मिलिमीटरचा लावणार आहे. तीनपेक्षा कमी सांगितले तर काम थांबवा.